‘फाइल रेडी आहे’ म्हणे!

प्रत्येक ऑफिसात एक बकरा असतो. पॉवरपॉइंटमध्ये दोन बाण टाकून त्यांना सावली देता आली की तो माणूस ‘क्रिएटिव्ह’ ठरतो. मग कंपनीचं ब्रोशर असो, दिवाळीचं ग्रीटिंग असो की बॉसच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका, सगळं त्याच्या गळ्यात. ‘तू बघ ना जरा, तुला येतं!’ घरोघरी पण असा एक बकरा असतो. आमच्या घरात ती मी. मास कॉमची डिग्री, चार ठिकाणी फ्रीलान्स लिखाण, लॅपटॉपवर सतत टकटक... एवढ्या पुराव्यावर घरच्यांनी ठरवून टाकलं, की पुस्तक छापून आणणं हे हिचं काम.

पुस्तक तात्यांचं. तात्या म्हणजे माझे आजोबा, कराडजवळच्या एका हायस्कुलात छत्तीस वर्षं मराठी शिकवून रिटायर झालेले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. (ऐंशी वर्षं उलटली, हजार पौर्णिमा बघून झाल्या, की करतात तो सोहळा.) माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि ठरवलं, सरांच्या आठवणींचं पुस्तक काढायचं. पाचशे प्रती. प्रकाशन रविवारी, शाळेच्या मैदानावर, मंडप घालून.

आता तात्या कसे, तर केकवरच्या ‘शुभेच्छा’ पण तपासणारे. शाळेत असताना मी त्यांना हौसेनं पत्र पाठवलं होतं, ते लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट परत आलं. अशा माणसाचं पुस्तक. टेन्शन कळतंय ना?

पण मी खूश होते, कारण मॅटर तयार होतं. २००८ मध्येच तात्यांनी आपल्या वह्या कराडच्या एका डीटीपीवाल्या ताईंकडून टाइप करून घेतल्या होत्या. म्हटलं, टाइप झालेलंच आहे, फोटो टाकू, कॅनव्हात कव्हर बनवू, पीडीएफ काढू, झालं. एका वीकएंडचं काम!

ताईंच्या फाइली निघाल्या पेजमेकरच्या. १९८५ मध्ये ज्या सॉफ्टवेअरनं डीटीपी नावाचा धंदाच सुरू करून दिला, ते पेजमेकर. त्याची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली, ती शेवटची. मराठीतली कितीतरी पुस्तकं त्याच्यावर सजली, पण माझ्या लॅपटॉपला ते ओळखीचंही नव्हतं. शेवटी ताईंनाच फोन. त्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर अजून जपून ठेवलेला होता (अशा ताईंना माझा दंडवत). त्यांनी मजकूर काढून मेल केला. उघडला, तर डॉलर, कंस, उलटीसुलटी चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा खच. तात्यांचं बालपण म्हणजे एक लांबलचक पासवर्ड!

झालं होतं असं, की युनिकोड सगळीकडे रुळायच्या आधीच्या मराठी फॉन्टांचा कारभार आपापला होता. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाची कोडं वेगळी. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. वर तो फॉन्ट चढवला की ती मराठी दिसायची. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. (यातले श्री-लिपी आणि सी-डॅक तर आपल्या पुण्याचे.) मग कन्व्हर्टर शोधा, युनिकोडमध्ये आणा. आणलं. नव्वद टक्के छान आलं, आणि उरलेल्या दहा टक्क्यांनी माझा जीव काढला.

कारण आपला तो अर्धा ‘र’. कन्व्हर्टरला रफार कळत होता, पण ‘दुसऱ्या’मधला झोपाळ्यासारखा ‘र’ कळत नव्हता. सगळीकडे ‘दुसर्या’, ‘तिसर्या’, ‘सार्यांनी’. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तात्या वर्गात हमखास द्यायचे ते उदाहरण ऐका. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर विद्वान गृहस्थ येतील, आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर जिलबी तळणारे येतील. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. फरक त्या एका ‘र’चा. चार रात्री बसून मी ‘फाइंड-रिप्लेस’ केलं. सरसकट नाही करता येत, कारण ‘कार्या’चं ‘काऱ्या’ होऊन बसतं. एकेक बघत जायचं. पुढे हाच ‘र’ मला पुन्हा भेटणार होता, पण ते नंतर.

मग इनडिझाइनचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि मजकूर ओतला, तर सगळ्या वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. त्यात ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ नावाची एक सेटिंग असते, ती निवडली नाही तर देवनागरी नीट जुळतच नाही. दोन क्लिकचं काम. ते कळायला मला एक संध्याकाळ आणि तीन कप कॉफी लागली.

शेवटी एकदाचं पुस्तक लागलं. ८३ पानं. पेनड्राइव्ह घेऊन मी पेठेतल्या एका प्रेसमध्ये पोचले. शाईचा आणि गरम मशीनचा वास, दारातच कागदाचे रिम, आणि आतल्या टेबलाशी चष्मा कपाळावर ढकललेले मालक. पासष्टीचे असतील. त्यांना सगळेच काका म्हणत होते, मीही म्हटलं.

‘काका, फाइल रेडी आहे!’

काका हसले. हे वाक्य ते दिवसातून किती वेळा ऐकत असतील कोण जाणे.

‘साइज काय?’
‘ए-फाइव्ह.’
‘डेमी करा, कागद वाया जाणार नाही. पानं किती?’
‘त्र्याऐंशी.’
‘त्र्याऐंशी पानांचं पुस्तक नसतं, मॅडम.’

मला वाटलं, काका खेचतायत. तर त्यांनी कोपऱ्यातला एक रद्दी कागद घेतला, एकदा दुमडला, दोनदा दुमडला, तीनदा दुमडला. त्या घडीच्या पानांवर पेन्सिलीनं १ पासून १६ पर्यंत आकडे टाकले आणि कागद पुन्हा उघडून माझ्यासमोर पसरला. एका बाजूला आठ आकडे, दुसऱ्या बाजूला आठ. काही सुलटे, काही डोक्यावर उभे, एकच्या शेजारी सोळा. ‘हा फर्मा. अठरा बाय तेवीसचा कागद, सोळा पानं. पुस्तक फर्म्यांनी बनतं. पाच फर्म्यांची झाली ऐंशी. तुमची वरची तीन. म्हणजे एक तर तीन कापा, नाहीतर अर्धा फर्मा वाढवून अठ्ठ्याऐंशी करा.’

मी आदल्या दोन रात्री जागून समोरासमोरची पानं शेजारी जोडून, एकदम पुस्तकासारखी फाइल केली होती. तीही काकांनी नापास केली. पानं सुटी द्यायची, ओळीनं, एकामागून एक. कुठलं पान कुणाच्या शेजारी आणि कुणाच्या डोक्यावर, ते प्रेसवाले लावतात. आपण ‘मदत’ केली की त्यांना ती आधी उपसावी लागते.

मग त्यांनी फाइल उघडली आणि तासभर माझी शाळा घेतली. मास कॉमच्या अख्ख्या कोर्समध्ये यातलं दहा टक्केही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर सांगते. उद्या तुमच्या ऑफिसचं ब्रोशर तुमच्या गळ्यात पडलं तर आठवेल.

सगळ्यात आधी काळा रंग. मला वाटायचं, काळा म्हणजे काळा. काकांनी ॲक्रोबॅटमधला ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ उघडला. तिथे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा, अशा चार शायांपुढे चार टिका असतात. त्यांनी फक्त काळ्याची टिक काढली. एका रंगात छापायच्या पुस्तकातली अक्षरं नाहीशी व्हायला हवी होती. पण ती तशीच उभी, पिवळट करडी! म्हणजे माझा काळा हा स्क्रीनचा काळा होता, आणि तो रूपांतर होताना चारही शायांमध्ये वाटला गेला होता. चार रंगांत छापलं असतं तर कागद केसभर जरी सरकला, तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली. आणि नुसता काळा छापला असता तर अक्षरं शंभर टक्के काळी न येता ठिपक्यांची, कडा खाल्लेली. मजकूर नेहमी निव्वळ काळ्या शाईचा, शंभर टक्के. बाकी तीन शून्य. ही टिक काढून बघायची युक्ती फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होते.

मग कव्हर. कॅनव्हात मी निळंशार आकाश टाकलं होतं, कृष्णेच्या घाटावरचं. स्क्रीनवर जबरी दिसत होतं. काकांनी डिजिटल मशीनवर एक प्रिंट काढून हातात दिली, तर आकाश जांभळट. स्क्रीन रंग दाखवते प्रकाशानं, कागद दाखवतो शाईनं, आणि स्क्रीनचे काही रंग शाईला झेपतच नाहीत. झगझगीत निळा, पोपटी, भडक केशरी ही त्यातली नेहमीची मंडळी. त्यामुळे रंग सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये बघायचे. मी किरमिजीचं प्रमाण कमी केलं तेव्हा कुठे आकाश आकाशासारखं दिसलं, जरा मवाळ. तात्या म्हणाले, ‘हेच बरं आहे, पहिलं कॅलेंडरसारखं होतं.’

ब्लीडचं नाव मी ऐकलं होतं, पण कशासाठी ते माहीत नव्हतं. काका मला मागे कटिंग मशीनपाशी घेऊन गेले. भली मोठी थप्पी, वरून उतरणारी पाती. एवढ्या थप्पीत एखादा कागद केसभर इकडेतिकडे असणारच. रंग बरोब्बर पानाच्या कडेपर्यंत दिला असेल, तर तिथे पांढरी रेघ दिसते. म्हणून रंग बाहेर तीन मिलिमीटर जास्त द्यायचा, आणि अक्षरं कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत ठेवायची. मी पानांचे आकडे अगदी काठाला नेऊन ठेवले होते, स्टायलिश दिसावेत म्हणून. काकांनी एका शब्दात निकाल दिला, ‘उडतील.’ पुस्तकाच्या कण्यावर नाव टाकायची माझी हौसही तिथेच संपली. अठ्ठ्याऐंशी पानं म्हणजे चव्वेचाळीस कागद, सत्तर जीएसएमचा मॅपलिथो, कणा जेमतेम चार मिलिमीटर. त्यावर नाव टाकलं तर अर्ध्या प्रतींमध्ये ते कव्हरवर घसरतं.

आणि फोटो! पुस्तकात एक फोटो हवाच होता, १९६६ च्या तात्यांच्या पहिल्यावहिल्या वर्गाचा. तो माझ्याकडे आला होता व्हॉट्सॲपवर. मोबाइलवर झकास. काकांनी विचारलं, ‘किती पिक्सेल?’ ९०० रुंद. ‘छपाईला इंचाला तीनशे लागतात. नऊशे भागिले तीनशे?’ तीन इंच. आणि मी तो पानभर ताणला होता. अठ्ठावीस पोरांचे अठ्ठावीस धुरकट ठिपके. शेवटी माझा आत्येभाऊ शाळेत गेला, हेडमास्तरांच्या केबिनमधली तसबीर उतरवली, काचेतून फोटो बाहेर काढला आणि कराडला नेऊन स्कॅन केला. पहिल्यांदा त्या मुलांचे चेहरे दिसले. एकाच्या शर्टाला गुंड्यांऐवजी लावलेली सेफ्टी पिन सुद्धा.

तीन पानं कापायला तात्या तयार नव्हते. मग वाढवायची पाच. त्या पाच पानांत काय घालायचं? मी म्हटलं, कोऱ्या सोडू, शेवटी ‘टिपणे’ लिहू. तात्या म्हणाले, ‘त्या फोटोतल्या पोरांची नावं घाल. मी सांगतो.’ आणि त्यांनी सांगितली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, रांगेनुसार, आडनावासकट, प्रत्येकाबद्दल चार-पाच ओळी. कोण एसटीत लागला, कोण सैन्यात गेला, कोण आता नाही. कुणाची तरी शेवटची आठवण एवढीच, की तो शाईची दौत घरून आणायचा नाही आणि तात्या त्याला आपली द्यायचे.

इथेच माझी माती झाली.

पहिल्या त्र्याऐंशी पानांचं कागदावर प्रूफ काढून तात्यांना पाठवलं होतं. त्यांनी तीन दिवस घेऊन लाल पेनानं रंगवून परत दिलं, मी दुरुस्त केलं. ती पाच पानं मात्र शेवटच्या सोमवारी रात्री आली, आत्येभावानं मोबाइलवर टाइप केलेली. मी साडेअकराला ती चिकटवली, मोबाइलवरच पीडीएफ बघितली, आणि पाठवून दिली. फाइलचं नाव ‘तात्या_फायनल_खरंच’. सकाळी प्रेसमध्ये जाऊन डमीवर ‘ओके’ लिहून सही केली. शेवटची पानं चाळली, वाचली नाहीत.

गुरुवारी सकाळी काकांचा फोन. ‘फर्मे छापून झालेत. बाइंडिंगला टाकायच्या आधी एकदा बघून जा.’ गेले. ताज्या शाईचा कागद हातात घेतला. सुंदर! अक्षर कसं, काळंभोर. शेवटचा अर्धा फर्मा उचलला आणि नजर पहिल्याच रांगेवर गेली. ‘कुर्हाडे’. त्याखाली ‘गोर्हे’. मग ‘बर्हाटे’. पुढच्या पानावर मोठ्या टाइपात मथळा, ‘तिसर्या रांगेत’.

तोच ‘र’. मोबाइलवर साधा ‘र’ घेऊन पाय मोडला आणि पुढे ‘ह’ किंवा ‘य’ लिहिला, की रफार होतो. ‘कुऱ्हाडे’ लिहायला खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ घ्यावा लागतो. आत्येभावाला ते माहीत नव्हतं, आणि मोबाइलच्या स्क्रीनवर तो रफार एवढासा दिसत होता की मला तो दिसलाच नाही.

मी काकांना म्हटलं, थोड्या रागातच, की अहो, तुमच्या कुणाच्या लक्षात नाही आलं?

काका शांत. ‘बाळ, पूर्वी आलं असतं. पूर्वी डीटीपीवाला बटर पेपरवर प्रिंट काढून द्यायचा. ते पेस्टर चिकटवायचा, तो बघायचा. प्लेट करणारा बघायचा. चार जणांच्या हाताखालून जायचं, एखादा तरी म्हणायचा, काका, हे काय लिहिलंय? आता तुझी फाइल इथे येते, सरळ प्लेटवर जाते. मधे कुणी नाही. मशीनला कुऱ्हाडे काय आणि कुर्हाडे काय.’

यावर काय बोलणार? सही माझी होती.

एक गोष्ट बरी, की चूक सगळीच्या सगळी त्या अर्ध्या फर्म्यात होती. काकांनी हिशेब सांगितला. आठ पानं एकाच प्लेटवर बसतात. कागद एका बाजूनं छापायचा, पालटून त्याच प्लेटनं दुसऱ्या बाजूनं छापायचा, मधून कापला की दोन प्रतींचं काम. पाचशे प्रतींना अडीचशे कागद आणि वाया जाणारे थोडे. नवी प्लेट, कागद, मशीन, सगळं धरून साडेतीन हजार. माझ्या खिशातून, अर्थातच. घरी अजून सांगितलेलं नाही. आज हे वाचूनच कळेल.

मी तिथेच, काकांच्या टेबलावर लॅपटॉप उघडून दुरुस्ती केली. यावेळी प्रिंट काढली आणि काकांच्या ऑपरेटरला म्हटलं, दादा, तुम्ही मोठ्यानं वाचा, मी फाइल बघते. त्यानं अठ्ठावीस नावं खड्या आवाजात वाचली, शाळेत हजेरी घ्यावी तशी. आणखी एक सापडली, एका आडनावाची वेलांटी. मशीनवरचे दोघं हात थांबवून ऐकत होते.

दुपारी प्लेट निघाली, संध्याकाळी अर्धा फर्मा छापून झाला, शुक्रवारी बाइंडिंग. शनिवारी रात्री पाचशे प्रती गाडीच्या डिकीत आणि मागच्या सीटवर घेऊन आम्ही कराडला निघालो. अख्ख्या गाडीत नव्या पुस्तकांचा आणि गोंदाचा वास.

रविवारी प्रकाशन झालं. भाषणं झाली, लांबली. त्या फोटोतले अकरा जण आले होते, सगळे सत्तरी ओलांडलेले. कुऱ्हाडेकाका त्यातलेच. त्यांनी पुस्तक घेतलं, पहिल्या पानाला हातही न लावता मागून उघडलं, चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं आणि आपलं नाव शोधलं. बोट ठेवलं. मग शेजारच्याला दाखवलं.

मी मंडपाच्या खांबाला टेकून श्वास सोडला.

रात्री जेवणं झाल्यावर तात्यांच्या खोलीत डोकावले, तर दिवा चालू. मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल.

‘झोपला नाहीत?’

‘पान एक्केचाळीस,’ तात्या म्हणाले. ‘अनुस्वार गेलाय.’

दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत त्यांची यादी अकरावर पोचली होती. काकांना फोन करून विचारलं, ओपन फाइल जपून ठेवलीय ना? काका म्हणाले, ‘ठेवलीय. पण या वेळी रेडी आहे असं म्हणू नकोस.’